यंदा कुरडया घालायच्या का नाही? उन्हाळा नेमका कधी असतो हल्ली?

चिकाची_वाटी (लातूर)

मार्च निम्मा गेला. सासूबाईंनी गहू निवडून ठेवलेत आणि रोज सकाळी विचारायल्यात, भिजू घालायचे का. मी रोज फोनवर हवामान बघते आणि म्हणते, थांबा दोन दिवस. असं करत बारा दिवस झाले.

भ्यायचं कारण सांगते. 2025 च्या मेमध्ये माहेरी लग्न होतं, त्याच्या आधी उरकावं म्हणून पाच किलो गहू भिजू घातले. तीन दिवस रोज पाणी बदललं, चौथ्या दिवशी वाटून, गाळून चीक काढला, रात्रभर निवळू दिला. पाचव्या दिवशी पहाटे चारला उठून शिजवला. मी चाटू हलवायला, जाऊ सोऱ्या दाबायला, शेजारच्या काकू गच्चीवर कागद अंथरून बसलेल्या. साडेआठपर्यंत सगळी गच्ची पांढरीशुभ्र. आणि साडेअकराला जे भरून आलं म्हणता... आम्ही तिघी प्लॅस्टिकच्या कागदाची टोकं धरून जिन्यातून खाली, चौथं टोक धरायला माणूस नाही, अर्ध्या कुरडया जिन्यात. उरलेल्या हॉलमध्ये पंख्याखाली पसरल्या तर पाऊस चार दिवस उघडलाच नाही. तिसऱ्या दिवशी आंबूस वास यायला लागला, चौथ्या दिवशी गुलाबी ठिपके. म्हशीला घातल्या. म्हशीनं पण तोंड फिरवलं.

पापड एका दिवसात वाळतात, शेवया पण. कुरडईचं तसं नाही, एकदा गहू पाण्यात पडले की पाच-सहा दिवस मागं फिरता येत नाही. तर तुम्ही लोक सध्या वाळवण कधी करता? आणि हे फक्त आमच्याच घरी झालंय का तुमची पण वर्षाची कामं अशी पुढंमागं व्हायलीत?

खारवडीप्रेमी

म्हशीनं पण तोंड फिरवलं, इथं मी चहा सांडला.

आबा_कळंबकर

ताई, मे महिन्यात पाऊस आम्ही लहान होतो तवापासून येतोय. त्याला वळीव म्हणतात. हे हवामान बदल वगैरे टीव्हीवाल्यांनी काढलेलं खूळ आहे. 72 चा दुष्काळ बघितलेला माणूस आहे मी. शाळेत सुकडी खाल्ली, आईबापानं रोजगार हमीवर खडी फोडली. तवा कुठं होतं तुमचं ग्लोबल वॉर्मिंग? निसर्गाचं चक्र आहे, चालायचंच.

पुणेरी_जालनेकर

विकत आणा ना सरळ. किलोला लागतात तेवढे लागतात, जिन्यातून पळावं तर लागत नाही.

चिकाची_वाटी

@पुणेरी_जालनेकर, हे वाक्य माझ्या सासूबाईंसमोर येऊन म्हणा. भाडं मी देते.

हवेचा_मास्तर (संभाजीनगर)

आबा, तुमचा मान ठेवून बोलतो, वीस वर्षं भूगोल शिकवलाय म्हणून राहवत नाही.

वळीव वेगळा. दिवसभर जमीन तापते, गरम हवा वर चढते, दुपारनंतर ढग उभा राहतो, चार-पाचच्या सुमाराला वारं सुटतं, तासभर झोडपतो आणि रात्री चांदणं. सकाळी वाळवण घालणाऱ्या बाईला वळीव सहसा नडायचा नाही, कारण तो यायच्या आत कुरडई वरून कडक झालेली असायची. 2025 च्या मेमध्ये आला तो हा पाऊस नव्हताच. त्या वर्षी मान्सून केरळात 24 मेला पोचला, नेहमीची तारीख 1 जून. मुंबईत 26 मेला, तिथली नेहमीची 11 जून. म्हणजे ताईंनी कुरडया उन्हाळ्यात घातल्या आणि पावसाळ्यात वाळवल्या.

एका वर्षावरून हवामान बदलतंय असं मी म्हणणार नाही, तेही चूक. पण पुण्याच्या आयआयटीएम या हवामान संशोधन संस्थेतले रॉक्सी कोल आणि त्यांच्या सहकाऱ्यांचा 2017 चा अभ्यास आहे. 1950 ते 2015 या काळात मध्य भारताच्या पट्ट्यात मोठ्या क्षेत्रावर पडणाऱ्या अतिमुसळधार पावसाचे प्रसंग जवळपास तिप्पट झाले. कारण अवघड नाही, हवा एक अंशानं तापली की ती साधारण सात टक्के जास्त वाफ धरून ठेवते. सोडते तेव्हा एकदम सोडते. आणि उलट बाजू पण आहे, 2023 चा ऑगस्ट देशात 1901 पासूनचा सगळ्यात कोरडा ऑगस्ट गेला. आपल्याकडं सोयाबीन फुलात असताना.

आबा_कळंबकर

मास्तर, वळीव संध्याकाळी यायचा हे मात्र खरं. आमची आई बारा वाजता माळवदावरनं वाळवण उतरवायची. बाकीचं मला पटलेलं नाही.

नळाला_पाणी_कधी (लातूर)

आबा, 72 आणि 2016 दोन्ही माझ्या आजीनं बघितले. ती म्हणायची, 72 ला आडात पाणी होतं पण घरात दाणा नव्हता, आणि आता दुकानं भरलेली हायत पण घागर रिकामी. एप्रिल 2016 मध्ये मिरजेहून पहिली पाण्याची रेल्वे आली तेव्हा 10 वाघिणी होत्या, पाच लाख लिटरच्या आसपास पाणी. नंतर 50 वाघिणींची गाडी यायला लागली. आमच्या गल्लीतली पोरं रेल्वे बघायला गेली होती, जत्रेला जावं तसं.

त्या उन्हाळ्यात घरात रोजचं भांडण एकच, टाकीतलं पाणी कूलरमध्ये घालायचं का भांड्यांना ठेवायचं. कूलर दिवसाला तीन-चार घागरी पितो. आई म्हणायची, माणसं तहानलेली आणि ह्या डब्याला पाजा. शेवटी अंघोळीचं पाणी परातीत धरून कूलरमध्ये घातलं. आठवडाभर घराला साबणाचा वास.

उकाडा_स्पेशल (नांदेड)

कूलरवरून आठवलं. 2025 च्या मेमध्ये पाणी होतं तर कूलर चालेना. म्हणजे फिरत होता पण गार करत नव्हता, नुसतं अंग चिकट. मी दुकानदाराशी भांडून आलो, मोटार बदलून घेतली, ताट्या बदलल्या. नंतर कळलं की कूलर पाणी उडून जाण्यावर गार करतो आणि हवेतच ओल असली की पाणी उडणार कुठं. आपला कोरडा कडक उन्हाळा होता म्हणून कूलर नावाची वस्तू चालत होती. शेवटी एसी घेतला हप्त्यावर. हप्ता चालू आहे, लाईट नसते.

गोदाकाठ (परभणी)

कूलरवाल्यांनो, आमचं दुखणं ऐका. 2018 च्या डिसेंबरात इथं कृषी विद्यापीठाच्या नोंदीत पारा 2 अंशांवर उतरला होता. त्याच परभणीत मेमध्ये 44 च्या पुढं जातो. आम्ही एकाच घरात गोदडी आणि कूलर दोन्ही समोरासमोर ठेवतो, कोण कधी लागेल सांगता येत नाही.

पांढरीची_माती (औसा)

आबांनी माळवद म्हणलं म्हणून लिहितोय, जरा लांबेल.

आमचं जुनं घर माळवदाचं. दगड-मातीच्या दीड हात जाड भिंती, तुळया, त्यावर लाकडं, पाला, मग मातीचा थर आणि सगळ्यात वर पांढरी माती. मध्ये साणं, त्यातनं उजेड पडायचा आणि धूर जायचा. दर वर्षी मिरगाच्या आधी गाढवावर पांढरी यायची, ती वर टाकून चोपायची, पन्हाळी मोकळ्या करायच्या. एवढं केलं की पावसाळा निघायचा, कारण आपला पाऊस पडून पडून किती पडणार, एक दिवस पडला की चार दिवस उघडीप. तेवढ्यात माळवद वाळायचं. भर मेमध्ये आत गारवा. वाळवण पण त्याच माळवदावर.

1993 च्या भूकंपात हीच घरं माणसांवर पडली. आमच्या आत्याचं गाव किल्लारीच्या बाजूला, त्यावर जास्त लिहीत नाही. नंतर लोकांनी माळवदाचा धसका घेतला, स्लॅब टाकले नाहीतर पत्रे. बरोबरच केलं. पण स्लॅब रात्री अकराला पण भाजतो आणि पत्र्याखाली तर दुपारी म्हातारं माणूस बसूच शकत नाही. आमचे वडील मेमध्ये दुपारभर देवळात जाऊन पडतात, गावातली निम्मी म्हातारी तिथंच असतात.

आम्ही मागची एक खोली माळवदाची ठेवली होती, दाणे ठेवायला. 2025 च्या सप्टेंबरात जो पाऊस लागला त्यात दिवसामागून दिवस उघडीपच नाही. माती भिजत गेली, जड होत गेली. एका रात्री आधी बारीक माती गळायचा आवाज आला, वडील म्हणाले बैलं सोडा. बैलं बाहेर काढली आणि दहा मिनिटांत मागची भिंत बसली. आत तेरा पोती ज्वारी होती. सकाळी बघितलं तर चिखलात मोड आलेले.

खारवडीप्रेमी

वडिलांना दंडवत. माती गळायच्या आवाजावरून ओळखलं.

शिवारफेरी (निलंगा)

त्याच सप्टेंबरची गोष्ट. सोयाबीन काढायला आलेलं, शेंगेतच मोड. तूर पाण्यात उभी राहून उबळली. पण मला सगळ्यात लागलं ते डिसेंबरात. येळवस! बाहेरच्यांसाठी सांगतो, वेळ अमावस्या, लातूर-धाराशिवचा सगळ्यात मोठा सण, त्या दिवशी शहरं ओस पडतात. ज्वारीच्या उभ्या पिकात कडब्याची कोप करायची, पांडव मांडायचे, आंबील शिंपडत "ओलगे ओलगे सालम पोलगे" म्हणत शेताला फेरी.

तर रान ऑक्टोबरभर वापश्यालाच येईना, म्हणजे चिखल हटून पेरण्याजोगं होईना, पेरणी लांबली. येळवशीला ज्वारी गुडघ्याला पण नव्हती. कोप उभी केली तर चहूबाजूंनी उघडी, रस्त्यावरून जाणारा माणूस आमच्या ताटात काय आहे ते मोजू शकत होता. भज्जीला तुरीचे, वालाचे ओले दाणे शेतातले लागतात, ते बाजारातून आणले. बायको म्हणाली निम्मी भज्जी मटाराची झालीय, ही भज्जी नाही, लग्नातली भाजी आहे. आंबील तेवढी आपली होती.

चित्रा_स्वाती

जुन्या म्हणी पण बदलून घ्या आता. "पडल्या चित्रा तर भात खाईना कुत्रा" होती ना? नवीन घ्या: मे महिन्यात पावसाची हौस, कुरडई खाईना म्हैस.

आबा_कळंबकर

ही चांगली जमली. नक्षत्रावरचं म्हणाल तर पुनर्वसूचा तरणा पाऊस, पुष्याचा म्हातारा, मघाचा सासूचा, पूर्वाचा सुनेचा असं आम्हाला पाठ होतं. हल्ली सासू-सून दोघी एकाच दिवशी येतात आणि महिनाभर माहेरी जातात.

पंचनामा_पेंडिंग (बीड)

अतिवृष्टीचा हिशेब कुणाला माहीत आहे का? महसूल मंडळात 24 तासांत 65 मिलिमीटर झाला की अतिवृष्टी. आमचं गाव मंडळाच्या गावापासून अकरा किलोमीटर, मध्ये डोंगर. यंत्र तिथं. तिथं 58 पडला, आमच्या ओढ्यानं बांध फोडून दोन एकरांतली माती खरवडून नेली, खाली मुरूम उघडा. कागदावर आमच्याकडं अतिवृष्टी झालीच नाही. साहेबाला म्हणलं, यंत्राला म्हणावं डोंगर ओलांडून बघ एकदा.

हवेचा_मास्तर (संभाजीनगर)

65 मिलिमीटर म्हणजे किती ते डोळ्यासमोर आणून देतो. एक मिलिमीटर पाऊस म्हणजे एका चौरस मीटरवर एक लिटर पाणी. एकर म्हणजे 4047 चौरस मीटर. म्हणजे 65 मिलिमीटरला एका एकरावर दोन लाख त्रेसष्ट हजार लिटर. दहा हजार लिटरचे सव्वीस टँकर, एका दिवसात, एका एकरात.

नळाला_पाणी_कधी (लातूर)

आणि मेमध्ये आम्ही एका टँकरसाठी नंबर लावतो. मास्तर, हे गणित नको होतं सांगायला.

उकाडा_स्पेशल (नांदेड)

सरकारनं 2015 ला आणि 2019 ला विमानातून ढगात मीठ मारलं होतं ना, त्याचाच पाऊस आता पडत असेल. सरकारी काम.

बांधावरचा_लिंब

सगळं खरं पण पाणी जातं कुठं ते कुणी बोलायलं नाही. दुष्काळी भागात ऊस लावायचा, कारखाने काढायचे आणि

शिवारफेरी (निलंगा)

झालं सुरू. उसाला भाव ठरलेला तरी मिळतो. सोयाबीनचा काय मिळाला ते सांगा आधी. आणि माझा ऊस ठिबकवर आहे.

बांधावरचा_लिंब

ठिबकवर किती टक्के लोकांचा आहे?

चावडी_संपादक

ऊस आणि पाण्याचा 340 प्रतिसादांचा धागा आधीच आहे, तिकडं भांडा. इथं कुरडया.

फळा_खडू (पाटोदा)

संपादक, उसाचंच आहे पण भांडण नाही. माझ्या वर्गातली निम्मी मुलं दसरा-दिवाळीनंतर आईबापाबरोबर तोडीला जातात. 2025 ला रानात चिखल, गाड्या आत जाईनात, मग कुटुंबं गावातच थांबलेली, उचल म्हणजे आगाऊ पैसे घेतलेले, ते घरीच खाऊन संपायला लागले. मला आपलं बरंच वाटत होतं, मुलं शाळेत दिसायली म्हणून. एक पोरगी म्हणाली, सर रान वाळलं का ते रोज बाबा बघून येतात. वाळलं आणि दोन दिवसांत बाक रिकामे.

अन्नपूर्णा_गट (अंबाजोगाई)

मूळ प्रश्नाला कुणीच धड उत्तर दिलं नाही म्हणून लिहिते. आमचा बाया-बायांचा बचत गट आहे, वाळवणाच्या ऑर्डरी घेतो. 2025 ला आमचाही माल गेला, त्यानंतर बसून ठरवलं ते सांगते.

कुरडया आता महाशिवरात्र झाली की लगेच. ऊन कोवळं असतं, दोनाऐवजी तीन-चार दिवस लागतात, पण रंग उलट जास्त पांढरा येतो. 2014 ला फेब्रुवारी-मार्चमध्येच गारा पडल्या होत्या हे मला माहीत आहे, कुणी सांगायला येऊ नका, त्या वर्षी आमच्या दारात लिंबाएवढ्या गारांचा ढीग होता. भरवशाचा महिना राहिलेला नाही, त्यातल्या त्यात बरा निवडायचा.

एकदम पाच किलो भिजवायचे नाहीत. दोन-दोन किलोच्या खेपा, म्हणजे गेलं तर दोन किलो जातं. गहू भिजवायच्या दिवशी हवामान खात्याचा आपल्या जिल्ह्याचा पाच दिवसांचा अंदाज बघायचा, यूट्यूबवरच्या भविष्यवाल्यांचा नाही. तिथं मेघगर्जनेचं चिन्ह असलं की थांबायचं. मध्येच ढग आले तर चीक शिजवू नका, निवळलेला चीक वर पाणी ठेवून फ्रीजमध्ये दोन दिवस राहतो. शिजवला की मग मात्र संपलं. बाजरीच्या खारवड्या आणि साबुदाण्याच्या पापड्या मेसाठी ठेवा, त्या दगा देत नाहीत. मिरच्या आणि येसराचं सामान पण आताच वाळवून डब्यात भरा, मेची वाट बघू नका.

आणि गच्चीवर एकटीदुकटीनं वाळवण गोळा करायला जात असाल तर आधी फोनवर दामिनी बघा, वीज जवळपास असली की ते अॅप दाखवतं. आमच्या गटातल्या एकीच्या दिराला वीज पडून गेल्यापासून आम्ही ठरवलंय, गडगडलं की कुरडया भिजल्या तरी चालतील.

चिकाची_वाटी

ताई, हेच पाहिजे होतं. फ्रीजचं माहीतच नव्हतं. दोन किलोचं सासूबाईंना पटेल का बघते, त्यांना एकदम घातल्याशिवाय घातल्यासारखं वाटत नाही.

पुणेरी_जालनेकर

काच बंद करून उन्हात उभी केलेली गाडी म्हणजे फुकटातला सोलर ड्रायर आहे. डॅशबोर्डवर घाला. (गंमत केली, मारू नका.)

आबा_कळंबकर

आमच्या मंडळींनी हा धागा वाचून घेतला माझ्याकडून. म्हणाल्या फ्रीजमधला चीक शिजवताना आधी पाणी ओतून टाकून चीक चांगला ढवळून घ्या, तळाला घट्ट बसतो. आणि मिरगाचा किडा मागच्या दोन-तीन सालात आमच्या रानात दिसला नाही असं त्या म्हणतात. मी म्हणलं चष्मा बदल. पण मी पण बघितलेला नाही.

चिकाची_वाटी

अपडेट. पाडव्यानंतर दोन किलो भिजवले. अंदाज पाचही दिवस कोरडा. चीक छान निघाला, आबांच्या मंडळींनी सांगितल्यासारखा ढवळून घेतला, पहाटे शिजवला, घातल्या. दुपारी दोनला उत्तरेकडून काळं. पडला नाही, पण ऊन गेलं ते गेलंच आणि कुरडया निम्म्या ओल्या. सासूबाई माझ्याकडं बघायल्या, मी सासूबाईंकडं.

मग मी ह्यांच्या गाडीची किल्ली घेतली. डॅशबोर्डवर, मागच्या काचेखाली, सीटवर धोतर अंथरून सगळीकडं कुरडया. संध्याकाळी निम्म्या वाळल्या, दुसऱ्या दिवशी नऊला ऊन आलं आणि काचा बंद करून दुपारी तीनपर्यंत कडकडीत. तळून बघितल्या, ताटभर फुलल्या. @पुणेरी_जालनेकर, तुमची गंमत मला फळली.

फक्त गाडीला चिकाचा वास बसलाय. काल हे साहेबांना आणायला स्टेशनवर गेले होते, साहेब मागं बसले आणि म्हणाले, काय हो, घरी आजारी आहे का कुणी?

खारवडीप्रेमी

साहेबांना चार तळून द्यायच्या होत्या की.

चिकाची_वाटी

दिल्या. आता त्यांच्या मिसेसचा फोन आलाय, तीन किलोची ऑर्डर आहे. गाडी रविवारपर्यंत मिळणार नाही म्हणून सांगितलंय ह्यांना.